दाब, पावलं आणि मन : फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा इतिहास

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आपल्या दंडाला पट्टा गुंडाळतात, तो फुगवतात आणि '१२० वर ८०' असा काहीतरी आकडा सांगतात. हा आकडा आता घरोघरी ओळखीचा झाला आहे. पण रक्ताभिसरण शिकवताना आपण मुलांना सांगतो की हृदय म्हणजे एक नव्हे, दोन पंप आहेत. डावा पंप साऱ्या शरीराला रक्त पुरवतो आणि उजवा फक्त फुप्फुसांना. मग एखाद्या मुलानं विचारलं, की दंडावर मोजलेला दाब यांतल्या कोणत्या पंपाचा, तर काय सांगायचं? उत्तर सरळ आहे. तो फक्त डाव्या पंपाचा. उजव्या पंपाचा दाब या पट्ट्याला कळत नाही.

दोन्ही पंप एका वेळी जवळजवळ सारखंच रक्त पुढे ढकलतात, पण त्यांच्या कष्टात मोठा फरक आहे. शरीरभर जाणाऱ्या धमन्यांमधला सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो. फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत तो १४-१५ मिलिमीटरच असतो. फुप्फुसांतलं रक्तवाहिन्यांचं जाळं एवढं पसरलेलं आणि लवचीक असतं की तिथं रक्त हलकेच ढकललं तरी पुरतं. म्हणून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची, म्हणजे उजव्या जवनिकेची, भिंतही पातळ असते.

काही माणसांमध्ये फुप्फुसांतल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होत जातात आणि आतली पोकळी अरुंद होते. दाब चढू लागतो. हलक्या कामासाठी घडलेल्या उजव्या जवनिकेला आता चढावर ओझं ओढावं लागतं. ती आधी जाड होते, मग फुगते, आणि शेवटी थकते. अशा माणसाला जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज येते, कधी चालता चालता भोवळ येते. पण तो खुर्चीत बसलेला असताना पाहिलं तर धडधाकट दिसतो. दंडावरचा आकडाही ठीक असतो. या आजाराला फुप्फुसीय उच्च रक्तदाब किंवा पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात.

या आजाराचा इतिहास बहुधा नळ्यांचा आणि औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. पण त्याच्या जोडीनं आणखी एक गोष्ट घडत गेली. रुग्णाची भीती, त्याचं एकटेपण आणि घरच्यांचे कष्ट यांना विज्ञानाच्या वहीत जागा कशी मिळाली, याची ती गोष्ट. आम्हाला इथं या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत, कारण त्या वेगळ्या करता येत नाहीत असं आम्हाला वाटतं.

मोजमापाच्या आधी

१८९१ साली एर्न्स्ट फॉन रॉम्बेर्ग या जर्मन डॉक्टरांनी शवविच्छेदनात पाहिलेली एक विचित्र गोष्ट नोंदवली. एका रुग्णाच्या फुप्फुसांतल्या धमन्या कठीण आणि जाड झाल्या होत्या, आणि त्याचं काही कारण सापडत नव्हतं. इथं लक्षात घेण्यासारखं हे की आजाराची ही ओळख रुग्णाच्या मृत्यूनंतर पटली. जिवंत माणसाच्या फुप्फुसीय धमनीतला दाब मोजायचा तर मोजायचं साधन तिथंपर्यंत न्यायला हवं, आणि तिथं जायची वाट हृदयातून जाते. हृदयात नळी घालायची म्हणजे माणूस मारायचा, अशी त्या काळी समजूत होती.

ही समजूत १९२९ साली एबर्सवाल्डे या जर्मन गावातल्या एका तरुण डॉक्टरनं मोडली. त्याचं नाव वेर्नर फोर्समान. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. त्यानं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून मूत्रमार्गासाठी वापरायची लांब रबरी नळी आत सरकवली, नळी तशीच ठेवून क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचं छायाचित्र घेतलं. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी १९४० च्या दशकात याच वाटेनं जाऊन हृदयाच्या उजव्या बाजूचे आणि फुप्फुसीय धमनीतले दाब पद्धतशीरपणे मोजले. या तिघांना १९५६ चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं.

नळी हाती आल्यावर न्यूयॉर्कचेच डेव्हिड ड्रेस्डेल यांनी १९५१ साली काही रुग्णांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयात किंवा फुप्फुसात दाब वाढायला दुसरं कारण दिसत नव्हतं. म्हणून या आजाराला 'प्राथमिक' असं विशेषण मिळालं. कारण माहीत नाही, याचंच हे सभ्य नाव.

१८९१ ते १९५१ अशी साठ वर्षं गेली. या साठ वर्षांत ज्यांना हा आजार झाला, त्यांच्याकडे पुरावा काय होता? 'मला दम लागतो' हे त्यांचं स्वतःचं वाक्य, एवढाच. नाडी पाहा, छाती ऐका, ठळक असं काही सापडायचं नाही. आणि जे सापडत नाही त्याला 'मनाचे खेळ' म्हणायचा मोह नेहमीच होतो. रुग्ण तरुण स्त्री असली तर तो जास्त होतो. आपल्या घरांतही 'अशक्तपणा आहे, रक्त कमी असेल, फार विचार करते' ही वाक्यं किती सहज येतात! रक्त कमी असणं हे दम लागण्याचं खरोखरच एक कारण आहे, पण ते रक्त तपासून ठरवायचं असतं.

यात आम्हा संशोधकांचीही एक खोड दिसते. मोजता येईल तेवढंच खरं मानायचं, आणि मोजता येत नाही ते नाहीच असं समजायचं. पहिली गोष्ट शिस्तीची आहे, दुसरी चुकीची.

एक आकडा आणि त्याचं ओझं

१९६५ साली स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत भूक कमी करणारं अमिनोरेक्स नावाचं औषध विकायला आलं. वजन उतरवण्यासाठी लोक ते घेऊ लागले. थोड्याच काळात तिथल्या रुग्णालयांत फुप्फुसीय उच्च रक्तदाबाचे रुग्ण अचानक वाढले. १९६८ साली औषध बाजारातून काढून घेतलं गेलं आणि त्यानंतर रुग्णांची लाट ओसरली. या धक्क्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं १९७३ साली जिनिव्हात या आजारावर तज्ज्ञांची बैठक घेतली. तोवर प्रत्येक रुग्णालयाकडे दोन-चार रुग्ण, आणि तेवढ्यावरून काही सिद्ध होईना.

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९८१ साली ३२ केंद्रांमधल्या रुग्णांची एक सामाईक नोंदवही सुरू केली. १८७ रुग्णांची माहिती १९८७ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांचं सरासरी वय ३६ होतं. एका पुरुषामागे १.७ स्त्रिया होत्या. फुप्फुसीय धमनीतला सरासरी दाब ६० मिलिमीटर, म्हणजे निरोगी माणसाच्या चौपट होता. आणि पहिलं लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी २ वर्षं गेली होती.

१९९१ साली याच नोंदवहीतून दुसरा आकडा आला. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक २.८ वर्षं. हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथून दवाखान्यातल्या बोलण्यात आला. आता मध्यक म्हणजे काय हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यापेक्षा जास्त जगले, एवढाच त्याचा अर्थ. याच अभ्यासात पाच वर्षांनंतरही सुमारे एकतृतीयांश रुग्ण हयात होते. पण पस्तिशीतल्या बाईला 'सरासरी पावणेतीन वर्षं' असं कानावर पडलं, तर ती मध्यक आणि वितरण यांचा विचार करत बसत नाही. ती मुलांची वयं मोजते.

त्यात हा आजार विरळा. कारण न सापडणारा जो प्रकार, त्याचे दर दहा लाखांत वर्षाला एक-दोन नवे रुग्ण. मधुमेह झाला तर शेजारी, ऑफिसात, नातेवाइकांत कोणीतरी सापडतं. पथ्य विचारता येतं, गाऱ्हाणं सांगता येतं. इथं मात्र आपल्यासारखं दुसरं माणूस आयुष्यात भेटेल की नाही, याचीच शंका.

स्वयंपाकघरातलं टेबल

१९९१ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात एका घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चार स्त्रिया जमल्या. त्यांत रुग्ण होत्या, आणि एका रुग्णाची बहीणही होती. हेतू साधा होता. आपल्यासारखी आणखी माणसं शोधायची आणि एकमेकींशी बोलायचं. त्यातून या आजाराच्या रुग्णांची संघटना उभी राहिली. तिचं आजचं नाव पल्मनरी हायपरटेन्शन असोसिएशन. 'पाथलाइट' नावाचं वार्तापत्र निघू लागलं. १९९४ साली जॉर्जिया राज्यातल्या स्टोन माउंटन इथं संघटनेची पहिली परिषद झाली, आणि तिथं रुग्ण, त्यांचे नातेवाईक, डॉक्टर व परिचारिका एकत्र बसले.

वैद्यकाच्या इतिहासात या टेबलाला काय स्थान? आमच्या मते फोर्समानच्या नळीच्या जवळपासचं. नळीमुळे दाब दिसला. या टेबलामुळे दाबाखाली जगणारं माणूस दिसलं. रुग्ण एकमेकांना भेटल्यावर जे बोलले त्यात औषधांइतक्याच इतरही गोष्टी होत्या. आपण आजारी दिसत नाही म्हणून लोक आळशी समजतात. गर्भारपण जिवावर बेतू शकतं म्हणून डॉक्टर ते टाळायला सांगतात, पण घरात हे कसं सांगायचं? रात्री झोपताना भीती वाटते. या तक्रारी कुठल्याही नोंदवहीच्या रकान्यात बसल्या नव्हत्या.

औषध घरात येतं

याच सुमारास औषधोपचारात मोठा बदल झाला. १९७६ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तयार होणारं प्रोस्टासायक्लिन हे द्रव्य सापडलं. ते वाहिन्या सैल करतं आणि रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू देत नाही. व्हेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. १९८० च्या दशकात हे द्रव्य, एपोप्रोस्टेनॉल या नावानं, फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. १९९५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ गंभीर रुग्णांचे दोन गट होते. बारा आठवड्यांत नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ८ मृत्यू झाले. नव्या औषधाच्या गटात एकही नाही.

पण या औषधाची एक अडचण होती. रक्तात ते काही मिनिटांतच निकामी होतं. म्हणून गोळी चालत नाही, दिवसातून दोन इंजेक्शनं चालत नाहीत. छातीच्या कातडीखालून मोठ्या शिरेत कायमची नळी बसवायची आणि कमरेला लावलेल्या छोट्या पंपानं औषध चोवीस तास थेंबाथेंबानं आत सोडत राहायचं. पंप थांबला तर काही वेळातच जीव धोक्यात येऊ शकतो. सुरुवातीच्या काळात औषध रोज घरी मिसळावं लागे आणि बर्फाच्या पिशव्यांनी थंड ठेवावं लागे. मिसळताना जंतू शिरले तर ते थेट रक्तात जाणार.

हे सगळं कोण करणार? रुग्ण स्वतः, आणि तो थकलेला किंवा तापानं फणफणलेला असेल तेव्हा घरातलं दुसरं माणूस. नवरा, बायको, आई, बहीण, कधी मोठा मुलगा. उपचार केंद्रांमध्ये रुग्णाबरोबर घरच्यांनाही हे काम शिकवलं जाऊ लागलं. कुटुंबाचा आधार ही तोवर सद्भावनेची बाब होती. आता ती उपचाराच्या यंत्रणेतला एक भाग झाली. पंपाला विजेरी हवी तसं घरात एक शिकलेलं, शांत डोक्याचं माणूस हवं. आणि रात्री पंपाचा इशारा वाजला की झोप दोघांची मोडते, हेही आलंच.

२००१ साली बोसेंटान आणि २००५ साली सिल्डेनाफिल या गोळ्यांना या आजारासाठी मान्यता मिळाली, आणि पुष्कळ रुग्णांची पंपाची गरज उरली नाही किंवा पुढे ढकलली गेली. २०२४ साली सोटाटरसेप्ट हे वेगळ्या पद्धतीनं काम करणारं औषध अमेरिकेत मान्य झालं. २.८ वर्षं हा आकडा आता इतिहासजमा झाला आहे. म्हणजेच पुष्कळ माणसं या आजारासह कितीतरी वर्षं जगतात. आणि जगायचं म्हटलं की कसं जगायचं, हा प्रश्न आलाच.

मन कसं मोजायचं?

औषध लागू पडतं का हे पाहायला एक सोपी चाचणी वापरतात. सपाट, शक्यतो ३० मीटर लांब व्हरांड्यात रुग्णानं स्वतःच्या चालीनं सहा मिनिटं चालायचं आणि किती मीटर झाले ते मोजायचं. दाबानंतर विज्ञानानं पावलं मोजली. मनाची पाळी सर्वांत शेवटी आली.

मन मोजण्यात एक गोम आहे. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत 'थकवा येतो का, झोप लागते का, भूक मंदावली का' असे प्रश्न असतात. फुप्फुसाच्या आजारात ही तिन्ही लक्षणं शरीरामुळेच असू शकतात. भीतीचंही तसंच. घाबरलेल्या माणसाची छाती धडधडते आणि श्वास वाढतो, आणि या रुग्णाचंही नेमकं तेच होतं. शिवाय एकातून दुसरं वाढतं. दम लागला की भीती वाटते, भीतीनं श्वास आणखी जलद होतो. मग शरीर कुठं संपतं आणि मन कुठं सुरू होतं, हे ओळखायचं कसं? १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयातल्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात त्यांनी अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम गाळली आणि नैराश्यासाठी आनंद हरवण्यासारख्या गोष्टींवर भर दिला. मोजपट्टी बनवताना काय मोजायचं याइतकंच काय वगळायचं हेही ठरवावं लागतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

२००४ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी फुप्फुसीय उच्च रक्तदाबाचे १६४ रुग्ण तपासले. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य, भीतीचे झटके असा काही ना काही मानसिक विकार होता. त्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा रुग्णांना त्यावर उपचार मिळत होते. २००६ साली केंब्रिजच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून, त्यांच्याच शब्दांतून, खास या आजारासाठी जीवनमानाची प्रश्नावली तयार झाली.

त्याच वर्षी हायडेलबर्गहून आणखी एक अभ्यास आला. तोवर या रुग्णांना श्रम टाळायचा सल्ला दिला जाई. इथं ३० रुग्णांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली बेताचा व्यायाम आणि श्वसनाचे धडे देण्यात आले. पंधरा आठवड्यांनंतर सहा मिनिटांच्या चालण्यात हा गट दुसऱ्या गटाच्या सरासरी १११ मीटर पुढे होता, आणि त्यांचं जीवनमानही सुधारलं होतं. फुप्फुसांतला दाब फारसा उतरला नव्हता. म्हणजे दाबाचा आकडा आणि माणसाचं जगणं ही एकच गोष्ट नव्हे. हा व्यायाम तज्ज्ञांच्या नजरेखालीच करायचा असतो, हे मात्र विसरून चालणार नाही.

घरातल्या माणसांचं काय?

२००० साली या आजाराच्या आनुवंशिक प्रकारामागचं बीएमपीआर-२ हे जनुक सापडलं. एकाच कुटुंबात तो एकापेक्षा अधिक जणांना होतो, हे १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. पण जनुकातला दोष असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही. साधारण पाचांतल्या एकालाच होतो. विज्ञानाच्या दृष्टीनं हे फार रंजक कोडं आहे. घरातल्या आईच्या दृष्टीनं मात्र हा प्रश्न असा आहे, की आपण मुलीला हे दिलं का, आणि तिची तपासणी करून घ्यायची का? असं उत्तर शोधणाऱ्या कुटुंबाला प्रयोगशाळेच्या अहवालाबरोबर समजावून सांगणारं माणूसही लागतं.

२०१३ साली युरोपातल्या पाच देशांतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२६ रुग्णांबरोबर १२९ सांभाळणाऱ्यांनाही प्रश्न विचारले होते. आजारानं रुग्णाच्या नोकरीवर, मिळकतीवर, नवरा-बायकोच्या नात्यावर परिणाम होतो, तसाच तो सांभाळणाऱ्यावरही होतो, हे त्यातून पुढे आलं. २०१८ साली फ्रान्समध्ये नीस इथं भरलेल्या सहाव्या जागतिक परिषदेत प्रथमच रुग्णांच्या दृष्टिकोनावर वेगळा कार्यगट नेमला गेला. १९७३ च्या बैठकीपासून इथंवर यायला ४५ वर्षं लागली.

आपल्याकडे लहानपणी न मिटलेली हृदयाची छिद्रं आणि संधिवाती तापानं खराब झालेल्या झडपा, ही फुप्फुसीय दाब वाढण्याची ओळखीची कारणं आहेत. आपल्याकडे कुटुंबं सहसा रुग्णाला टाकत नाहीत, हे खरं. पण सांभाळणारी बहुतेक वेळा घरातली एकच बाई असते आणि तिला कसं वाटतं हे कोणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

वर्गात

हा विषय वर्गात आणायचा तर सहा मिनिटांचं चालणं करून पाहता येईल. शाळेच्या व्हरांड्यात ३० मीटर आखून घ्या. निरोगी मुलांना धावू न देता सहा मिनिटं चालायला लावा, प्रत्येकाचं अंतर फळ्यावर लिहा, सरासरी आणि मध्यक काढा. मग मुलांना विचारा : या आकड्यांवरून चालणाऱ्याबद्दल काय कळलं? आणि काय कळलं नाही? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहून ठेवा. ती बहुधा जास्त बोलकी निघतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिक्षकांच्या कानावर घालाविशी वाटते. आपल्या वर्गात एखादी मुलगी अशी असू शकते, जिची आई जिना चढू शकत नाही. ती सकाळी पाणी भरून, स्वयंपाक उरकून शाळेत येते आणि गृहपाठ राहून जातो. दीर्घ आजाराच्या घरात मूलही सांभाळणारं असतं. ते स्वतःहून सांगत नाही. 'गृहपाठ का नाही केलास?' याऐवजी 'घरी कोणी आजारी आहे का?' असं कोणी विचारलं, तर तिचं ओझं नाहीसं होणार नाही, पण ते कुणाला तरी दिसलं एवढं तिला कळेल.